पॉलिअ‍ॅनिलीन आणि जस्त: पाण्यातल्या बॅटरीसाठी स्वस्त पॉलिमर इलेक्ट्रोड, पावडरीपासून चाचणीपर्यंत

लिथियम-आयन बॅटरी हलकी असते, पण तिच्यातला द्रव पेट घेतो आणि ती बनवायला कोरडी खोली लागते. पाण्यातल्या बॅटरीला दोन्हीची गरज नाही. साध्या टेबलावर, उघड्या हवेत ती जोडता येते. बदल्यात व्होल्टेज कमी मिळतो, कारण पाणी स्वतःच १.२३ व्होल्टला फुटू शकते. शेतातला सेन्सर, सौरदिवा, घरातली छोटी बॅकअप पेटी, म्हणजे वजनाची फारशी फिकीर नसलेल्या जागी हा सौदा परवडतो.

हा लेख अशा एका बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडबद्दल आहे. पदार्थ पॉलिअ‍ॅनिलीन, समोर जस्ताचा पत्रा, मध्ये झिंक क्लोराइडचे पाणी, म्हणजे आयन वाहून नेणारा इलेक्ट्रोलाइट. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी हा विषय चांगला आहे. उपकरणे कमी लागतात, आणि चूक कुठे झाली ते रंगावरूनच बरेचसे कळते.

'स्वस्त' या शब्दाबद्दल आधीच सांगतो. पॉलिअ‍ॅनिलीनची पावडर स्वस्त आहेच, त्यात वाद नाही. पण बॅटरीचा खर्च पावडरीत नसतो. तो धुण्यात, वीज गोळा करणाऱ्या पत्र्यात, मधल्या पडद्यात आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये लपलेला असतो. प्रत्येक पायरीवर हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला नाही, तर शेवटी हातात छान आलेख राहतो आणि न परवडणारी बॅटरी.

पॉलिअ‍ॅनिलीनच का

हा पदार्थ नवा नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याने १८३४ मध्ये अ‍ॅनिलीनपासून काळसर-हिरवा रंग मिळवला होता. १८६२ मध्ये लंडनच्या लेथबी याने तो विजेच्या साहाय्याने इलेक्ट्रोडवर चढवला. या पदार्थातून वीज वाहते हे गांभीर्याने पाहिले गेले ते मात्र १९८० च्या दशकात, मॅकडायर्मिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. १९८७ च्या सुमारास जपानच्या ब्रिजस्टोन आणि सेइको या कंपन्यांनी लिथियम-पॉलिअ‍ॅनिलीनचा बटणसेल बाजारातही आणला. २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना वीजवाहक पॉलिमरसाठी मिळाले. थोडक्यात, तुम्ही चाळीस वर्षांच्या वापरलेल्या वाटेवरून जाणार आहात. पहिल्या प्रकल्पासाठी हीच मोठी सोय आहे.

काम कसे चालते ते पाहू. पॉलिअ‍ॅनिलीनच्या तीन अवस्था असतात: पूर्ण क्षपित (इलेक्ट्रॉन भरलेली), अर्धी ऑक्सिडीभूत (काही इलेक्ट्रॉन काढलेली) आणि पूर्ण ऑक्सिडीभूत. मधली अवस्था आम्लात असताना हिरवी असते आणि तीच सर्वांत चांगली वीजवाहक असते. तिला एमेराल्डिन क्षार म्हणतात. चार्ज करताना पॉलिमरच्या साखळीतून इलेक्ट्रॉन निघतात आणि तो धनभार भरून काढायला इलेक्ट्रोलाइटमधले क्लोराइड साखळीत शिरतात. त्याच वेळी जस्ताचे आयन पत्र्यावर धातू होऊन बसतात. डिस्चार्जला दोन्ही क्रिया उलट होतात. प्रत्यक्षात प्रोटॉन आणि थोडे जस्ताचे आयनही साखळीत ये-जा करतात, पण हिशेबाला पहिले चित्र पुरेसे आहे.

या चित्रातून निघणारी एक गोष्ट बहुतेक विद्यार्थी विसरतात. चार्ज करताना क्षार इलेक्ट्रोलाइटमधून कमी होतो. म्हणजे इथे इलेक्ट्रोलाइट हा नुसता रस्ता नाही, तो क्षमतेतला भागीदार आहे. पुढे आकडेमोडीत हे पुन्हा येईल.

अडचणही इथेच आहे. पॉलिअ‍ॅनिलीनला आम्ल हवे असते. पीएच ४ च्या वर गेला की साखळीतले प्रोटॉन निघू लागतात, हिरवा रंग निळा होतो आणि वाहकता कोसळते. जस्ताला नेमके उलटे हवे असते, कारण आम्लात ते विरघळते आणि हायड्रोजन सुटतो. या बॅटरीची सगळी कारागिरी पीएच ४ च्या आसपास दोघांना नांदवण्यात आहे.

काम सुरू करण्याआधी

अ‍ॅनिलीन विषारी आहे. ते कातडीतून शरीरात जाते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करते. म्हणून हे काम घरी करू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फ्यूम हूडमध्ये, नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. द्रव अ‍ॅनिलीनऐवजी अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराइड हा घन क्षार घेतला तर वाफेचा त्रास बराच कमी होतो. किंमत थोडी जास्त पडते, पण माझ्या मते इथे काटकसर करू नये. शिवाय जुने द्रव अ‍ॅनिलीन हवेने तपकिरी झालेले असते आणि वापरण्याआधी त्याचे ऊर्ध्वपातन करावे लागते. तो उपद्व्यापही टळतो.

अमोनियम परसल्फेट जोरदार ऑक्सिडंट आहे. त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. आणि घटक दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊन एकदम मिसळू नका, कारण ही क्रिया उष्णता सोडते. शंभर मिलीलिटरमध्ये ती सहज आवरते, बादलीभर मिश्रणात आवरत नाही.

पायरी पहिली: पावडर तयार करणे

जगभर मान्य झालेली कृती सोपी आहे.

२.५९ ग्रॅम अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराइड ५० मिलीलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये ५.७१ ग्रॅम अमोनियम परसल्फेट ५० मिलीलिटर पाण्यात विरघळवा. परसल्फेट ताजे असावे; ओल धरलेली, गोळे झालेली बाटली वापरली तर पॉलिमर कमी मिळतो. दोन्ही द्रावणे खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एकत्र करा, थोडे ढवळा आणि थर्मामीटर आत ठेवून सोडून द्या.

पहिली काही मिनिटे काही घडत नाही असे वाटते. मग द्रावण निळसर होते, गडद निळे होते आणि शेवटी हिरवा गाळ दिसू लागतो. तापमान चढते आणि नंतर उतरू लागते. उतरू लागले की मुख्य क्रिया संपली, तरी मिश्रण रात्रभर तसेच राहू द्या.

प्रमाण असेच का? अ‍ॅनिलीनचे २० मिलिमोल आणि परसल्फेटचे २५ मिलिमोल, म्हणजे १ ला १.२५. एमेराल्डिन अवस्थेपर्यंत पोचायला प्रत्येक अ‍ॅनिलीनमधून सरासरी अडीच इलेक्ट्रॉन काढावे लागतात आणि परसल्फेटचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन घेतो. हिशेब तिथेच जुळतो. 'जास्त टाकले तर जास्त मिळेल' असे इथे होत नाही. जादा ऑक्सिडंट साखळी खराब करतो.

पायरी दुसरी: धुणे आणि वाळवणे

आधी ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३०० मिलीलिटर तयार करा. पाण्यात साधारण ५ मिलीलिटर तीव्र आम्ल हळूहळू घालायचे, पाणी आम्लात नाही. गाळ बुकनर फनेलवर गाळून या आम्लाच्या १०० मिलीलिटरच्या तीन वाट्यांनी धुवा. साध्या पाण्याने धुऊ नका. पाणी साखळीतले आम्ल काढून नेते आणि पावडर हिरव्याची निळी होऊ लागते.

परसल्फेट पूर्ण गेले की नाही ते पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चच्या कागदाने पाहा. गाळलेल्या थेंबाने कागद निळा झाला तर अजून धुवा. ही चाचणी वगळू नये, कारण मूळ कृतीत यानंतर अ‍ॅसिटोनने धुतात आणि ऑक्सिडंटचा अंश असलेल्या आम्लात अ‍ॅसिटोन मिसळणे धोक्याचे असते. अ‍ॅसिटोनऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले तरी चालते. काम एकच: तुटक्या लहान साखळ्या आणि उरलेले अ‍ॅनिलीन काढून टाकणे. गाळलेला द्रव जवळपास रंगहीन होईपर्यंत धुवा. या धुण्याची बाटली पहिल्या गाळलेल्या द्रवापासून वेगळी ठेवा.

पावडर आधी हवेत वाळू द्या. ओली, अल्कोहोलची पावडर सरळ गरम ओव्हनमध्ये ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. वास गेल्यावर ६० अंश सेल्सिअसला, शक्यतो व्हॅक्यूम ओव्हनमध्ये, वाळवा. तापमान फार वाढवू नका. साखळीतले आम्ल आणि ओलावा गेला की वाहकता घटते.

या कृतीत सुमारे २.१ ग्रॅम पावडर मिळते आणि तिची दाबलेली गोळी सेंटीमीटरला काही सीमेन्स इतकी वीज वाहते. चार-टोकी मापन यंत्र नसेल तर गोळीला मल्टिमीटर लावून अंदाज घ्या. किलोओहममध्ये आकडा आला तर पावडर नीट आम्लीकृत झालेली नाही; विरल आम्लात पुन्हा बुडवून वाळवा. आणखी एक झटपट खूण आहे. चिमूटभर पावडर विरल अमोनियात टाकली की निळी व्हायला हवी आणि आम्लात टाकली की परत हिरवी.

इथे खर्चाकडे बघा. दोन ग्रॅम पावडरीसाठी पावणेसहा ग्रॅम परसल्फेट, म्हणजे किलोमागे जवळपास २.७ किलो. शिवाय दोन ग्रॅमला ३०० मिलीलिटर आम्ल आणि तितकाच सॉल्व्हंट. कोणी मोठ्या प्रमाणावर करायला निघाले, तर पैसा अ‍ॅनिलीनमध्ये कमी आणि धुण्याच्या पाण्यात जास्त जाईल. म्हणून प्रकल्पात एक प्रश्न जरूर घ्या: धुणे एकतृतीयांशावर आणले तर क्षमतेत किती फरक पडतो? अशी माहिती कारखान्याच्या कामाची असते.

पायरी तिसरी: इलेक्ट्रोड घडवणे

लिथियमच्या प्रयोगशाळेतली सवय म्हणजे पीव्हीडीएफ हा बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून लेप देणे. एनएमपी महाग आणि आरोग्याला घातक आहे. पाण्यातली, बिनविषारी बॅटरी बनवण्याच्या कामात तो वापरणे मला विसंगत वाटते. इथे दोन सोपे मार्ग आहेत.

पहिला, पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा. ०.३५ ग्रॅम पॉलिअ‍ॅनिलीन आणि ०.१० ग्रॅम कार्बन ब्लॅक खलात एकजीव करा. त्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पीटीएफईचे ६० टक्के इमल्शन ०.०८ ग्रॅम घाला. यात घन पीटीएफई साधारण ०.०५ ग्रॅम असते, म्हणजे एकूण प्रमाण ७०:२०:१० होते. अल्कोहोल उडत जाईल तसे मळत राहा. पीटीएफईचे तंतू ताणले जाऊन कणकेसारखा गोळा तयार होतो. तो काचेच्या दांड्याने लाटून पातळ करा आणि २ × २ सेंटीमीटरचे तुकडे कापा. ६० अंशांना वाळवून प्रत्येक तुकड्याचे वजन लिहा. तुकड्याला २० मिलिग्रॅमच्या आसपास वजन हवे, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ५ मिलिग्रॅम.

दुसरा मार्ग बाइंडरविनाच. कार्बन फेल्टचा तुकडा अ‍ॅनिलीनच्या द्रावणात भिजवा, मग परसल्फेट घाला. पॉलिमर थेट तंतूंवर वाढतो. फेल्ट मुळात पाणी धरत नाही, म्हणून तो आधी भट्टीत हवेत ४०० अंशांना काही तास तापवून घ्यावा. आधीचे आणि नंतरचे वजन यांतला फरक म्हणजे चढलेला पॉलिमर. कृती सोपी आहे, पण फेल्ट जाड असतो, त्याची पोकळी भरायला खूप इलेक्ट्रोलाइट लागतो आणि फेल्टही स्वस्त नसतो. प्रात्यक्षिकाला हा मार्ग उत्तम. किमतीचा विचार केला तर मी लाटलेल्या तुकड्याकडे झुकेन.

चौरस सेंटीमीटरला एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी थर देऊन सुंदर आकडे मिळतात. असे निकाल जगभर खूप छापले जातात. पण इतक्या पातळ थरात पत्रा, पडदा आणि डब्याचे वजन पॉलिमरच्या कितीतरी पट असते. पाच मिलिग्रॅम ही माझ्या दृष्टीने प्रामाणिकपणाची खालची मर्यादा आहे.

पायरी चौथी: वीज गोळा करणारा पत्रा

तांबे नको, धन बाजूला ते विरघळते. अ‍ॅल्युमिनियमही नको, क्लोराइडच्या पाण्यात त्याला भोके पडतात. स्टेनलेस स्टीलची ३०४ दर्जाची जाळी झिंक सल्फेटच्या पाण्यात चालते, पण झिंक क्लोराइडमध्ये कालांतराने ठिपक्यांसारखी गंजते आणि सुटलेले लोह थेट जस्तावर जाऊन बसते. क्लोराइडसाठी ग्रॅफाइटचा लवचीक पत्रा घ्या. गॅस्केट विकणाऱ्या दुकानात तो 'ग्रॅफाइट शीट' म्हणून मिळतो. मात्र मधोमध स्टीलची जाळी किंवा पत्रा घातलेली शीट असते, ती घेऊ नका. शुद्ध ग्रॅफाइटचीच मागा.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी स्टीलच्या पट्टीवर रासायनिक पद्धतीने पातळ थर चढवण्याचे काम वर्षानुवर्षे झाले आहे, आणि आपल्याकडचे बरेच विद्यार्थी तीच सवय घेऊन येतात. सुपरकपॅसिटरसाठी सल्फ्युरिक आम्लात ती पट्टी चालून जाते. इथे क्लोराइड आहे आणि समोर जस्त आहे, हे विसरू नका.

पायरी पाचवी: जस्त आणि इलेक्ट्रोलाइट

०.१ मिलिमीटर जाडीचा जस्ताचा पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासा, अल्कोहोलने पुसा आणि लगेच वापरा.

इलेक्ट्रोलाइटसाठी १०० मिलीलिटरला १३.६ ग्रॅम झिंक क्लोराइड आणि २.७ ग्रॅम अमोनियम क्लोराइड. म्हणजे अनुक्रमे १ मोलर आणि ०.५ मोलर. झिंक क्लोराइड हवेतले पाणी भराभर शोषते, त्यामुळे पटकन तोला. द्रावण गढूळ दिसले तर घाबरू नका, तो अल्कलीयुक्त झिंक क्लोराइडचा गाळ असतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घालून ते स्वच्छ करा आणि पीएच ४ ते ४.५ वर थांबा. पीएच मीटर आधी कॅलिब्रेट करून घ्या. पट्टीचा कागद इतक्या दाट क्षारात फसवतो.

कृषी सेवा केंद्रातले झिंक सल्फेट का वापरू नये, असा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. खताच्या पोत्यावर '२१ टक्के जस्त' लिहिलेले असते आणि ते प्रयोगशाळेच्या बाटलीपेक्षा फार स्वस्त पडते. अडचण उरलेल्या अशुद्धीची आहे. लोह, तांबे किंवा निकेल अगदी थोडे असले तरी जस्तावर जमा होतात आणि त्या जागी हायड्रोजन सहज सुटतो. बॅटरी वापरात नसतानाही जस्त झिजत राहते. एक उपाय आहे: खताचे द्रावण गाळून त्यात जस्ताचा भुगा टाकून दिवसभर ठेवा. तांबे आणि शिसे जस्तावर बसून बाहेर पडतात. लोह मात्र असे निघत नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीभूत करून आणि पीएच थोडा चढवून गाळ म्हणून काढावे लागते. शुद्ध आणि शुद्ध केलेल्या खताच्या सेलची तुलना हा स्वतंत्र, आपल्या मातीतला प्रकल्प होईल. सल्फेट घेणार असाल तर २ मोलरसाठी १०० मिलीलिटरला सात पाण्याचा क्षार ५७.५ ग्रॅम लागतो, आणि मग स्टीलची जाळी चालते.

पायरी सहावी: सेल जोडणे

बटणसेलचे डबे आणि दाबयंत्र असेल तर ठीक. नसेल तर दोन जाड अ‍ॅक्रिलिक तुकडे, मधोमध चौकोन कापलेले सिलिकॉन रबर आणि चार नटबोल्ट पुरतात. क्रम असा: अ‍ॅक्रिलिक, ग्रॅफाइट पत्रा, पॉलिअ‍ॅनिलीनचा तुकडा, पडदा, जस्त, अ‍ॅक्रिलिक. ग्रॅफाइट आणि जस्त यांच्या पट्ट्या बाहेर काढून तिथे क्लिप लावायची. क्लिपचा धातू इलेक्ट्रोलाइटला लागता कामा नये.

पडद्यासाठी काचतंतूचा गाळणकागद सर्वांत चांगला, पण महाग. प्रयोगशाळेचा साधा गाळणकागद दोन पदरी घेतला तर सुरुवातीच्या चाचण्यांना चालतो, फक्त चार्ज करताना जस्तावर वाढणारे सुईसारखे काटे त्यातून लवकर आरपार जातात. यूपीएसची जुनी बॅटरी फोडून तिच्यातला काचतंतूचा पडदा काढण्याची कल्पना कोणाला ना कोणाला सुचतेच. नको. त्यात शिशाचे संयुग भरलेले असते.

पडदा इलेक्ट्रोलाइटने भिजवा, बोल्ट तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि सेल काही तास तसाच ठेवा. जोडल्यावर मोकळा व्होल्टेज (बाहेर काही न जोडता मोजलेला) एक व्होल्टच्या वर दिसायला हवा, कारण पावडर मुळातच अर्धी ऑक्सिडीभूत आहे. शून्याजवळ असेल तर आत शॉर्ट आहे, उघडून पाहा.

पायरी सातवी: चाचणी, कमी पैशांत

कॉलेजात पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज आणि प्रवाह नेमका ठेवून मोजणारे यंत्र) असेल तर चक्रीय व्होल्टामेट्री, म्हणजे व्होल्टेज वर-खाली फिरवून प्रवाह मोजणे, आणि स्थिर प्रवाहाची चार्ज-डिस्चार्ज त्यावर करा. व्होल्टेजची मर्यादा ०.५ ते १.५ व्होल्ट. वर जाण्याचा मोह आवरा. त्यापुढे साखळी जास्त ऑक्सिडीभूत होऊन पाण्याशी क्रिया करते आणि क्विनोनसारखे तुकडे सुटतात.

यंत्र नसेल तरी अडत नाही. एलएम३३४ ही छोटी आयसी, साधारण ४७ ओहमचा रेझिस्टर आणि ५ व्होल्टचा पुरवठा यांनी सुमारे दीड मिलिअँपिअरचा स्थिर चार्जिंग प्रवाह मिळतो. नेमका आकडा मल्टिमीटरने मोजून घ्या. खोली तापली की तो किंचित वाढतो. डिस्चार्जला ७५० ओहमचा रेझिस्टर सेलला जोडा. अर्डुइनो आणि एडीएस१११५ हे १६ बिटचे मोजणी मॉड्यूल यांनी व्होल्टेज दर काही सेकंदांनी नोंदवा. व्होल्टेज भागिले रेझिस्टर म्हणजे प्रवाह; तो वेळेने गुणून बेरीज केली की क्षमता. १.५ व्होल्टला चार्जिंग आणि ०.५ व्होल्टला डिस्चार्ज तोडायला रिले लावा. हे न लावता रात्रभर सोडलेला सेल सकाळी मेलेला असतो.

आता हिशेब. २० मिलिग्रॅमच्या तुकड्यात पॉलिअ‍ॅनिलीन १४ मिलिग्रॅम. कागदावर दर दोन अ‍ॅनिलीन कड्यांना एक इलेक्ट्रॉन धरला तर ग्रॅमला १४७ मिलिअँपिअर-तास येतात. पण हा आकडा आम्लाशिवायच्या पॉलिमरचा आहे. तुम्ही तोललेली पावडर हा क्षार आहे, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे वजनही आहे. ते धरले की १२३ उरतात. प्रत्यक्षात १०० मिळाले असे समजा. मग सेलची क्षमता १.४ मिलिअँपिअर-तास आणि सरासरी १.०५ व्होल्टला ऊर्जा सुमारे दीड मिलिवॅट-तास.

मोबाइलच्या बॅटरीत साधारण १५ वॅट-तास असतात. तितकी ऊर्जा या पद्धतीने साठवायची तर पॉलिअ‍ॅनिलीन १४३ ग्रॅम लागेल. त्याला लागणारे क्लोराइड इलेक्ट्रोलाइटमधून यायचे असल्यामुळे १ मोलर झिंक क्लोराइड किमान २६७ मिलीलिटर लागेल, आणि तेही शेवटचा आयन वापरला गेला असे धरून. खिशात ठेवायची बॅटरी ही नव्हे, हे इथेच स्पष्ट होते. इलेक्ट्रोलाइट जास्त दाट केला तर पाण्याचे वजन घटते. म्हणून दाट इलेक्ट्रोलाइटवरचा प्रयोग हा केवळ क्षमता वाढवण्याचा नाही, तो वजनाचा आणि पैशांचाही प्रयोग आहे.

जस्ताचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. ०.१ मिलिमीटर पत्र्यात चौरस सेंटीमीटरला ७१ मिलिग्रॅम जस्त असते, म्हणजे सुमारे ५८ मिलिअँपिअर-तास. आपला पॉलिमर त्यातले जेमतेम ०.३५ वापरतो, एक टक्काही नाही. असा सेल चार्ज-डिस्चार्जच्या हजार फेऱ्या टिकला तरी जस्त टिकते हे त्यातून सिद्ध होत नाही, कारण जस्ताची खरी परीक्षाच झालेली नसते. अहवालात जस्ताचा किती भाग वापरला तो आकडा लिहा. परीक्षकाने विचारण्याआधीच.

पहिल्या काही फेऱ्यांत आकडे हलतात, ते सोडून द्या. त्यानंतर चार्जमध्ये घातलेल्या विजेच्या किती टक्के डिस्चार्जमध्ये परत आली ते बघा. आणि एक चाचणी कधीही टाळू नका: सेल पूर्ण चार्ज करून २४ तास तसाच ठेवा, मग डिस्चार्ज करा. सौरदिव्याला दिवसा भरून रात्री वापरायचे असते. तिथे हजार फेऱ्यांच्या आलेखापेक्षा हा एक आकडा महत्त्वाचा.

बिघाड ओळखणे

इलेक्ट्रोलाइट पिवळा-तपकिरी झाला असेल तर साखळी तुटते आहे. वरची मर्यादा १.४ व्होल्टवर आणा. सेल उघडल्यावर तुकडा हिरव्याऐवजी निळा-जांभळा दिसला, तर विरल आम्लात बुडवा. परत हिरवा झाला तर नुसता पीएच चढला होता; नाही झाला तर ऑक्सिडेशन जास्त झाले आहे आणि तो तुकडा गेला. पीएच चढण्याचे कारण बहुधा जस्ताच्या बाजूला असते. हायड्रोजन सुटला की तिथले पाणी अल्कलीकडे झुकते आणि पांढरा गाळ बसतो. चार्ज करताना व्होल्टेज मध्येच पडून नाचू लागला तर जस्ताचा काटा पडद्यातून आरपार गेला आहे. प्रवाह कमी करा, पडदा जाड करा. क्षमता पहिल्यापासूनच कमी असेल तर पॉलिमरवर संशय घेण्याआधी ग्रॅफाइट आणि तुकडा यांच्यातला दाब तपासा. बोल्ट सैल असणे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

जस्तही काढून टाकता येईल का

येईल. ऋण बाजूला पॉलिइमाइड वापरून संपूर्ण पॉलिमरची बॅटरी करता येते. नॅफ्थलीनच्या डायअनहायड्राइडपासून आणि इथिलीन डायअमाइनपासून बनवलेल्या पॉलिइमाइडची कागदावरची क्षमता ग्रॅमला १८३ मिलिअँपिअर-तास आहे आणि काट्यांचा प्रश्नच उरत नाही. पण कच्चा माल जस्तापेक्षा कितीतरी महाग, संश्लेषणाला पुन्हा तेच त्रासदायक सॉल्व्हंट, आणि व्होल्टेजही घटतो. शास्त्र म्हणून आकर्षक आहे. 'स्वस्त' हा निकष लावला तर जस्ताला आज तोड नाही असे माझे मत आहे.

कचरा

पहिल्या गाळलेल्या द्रवात अमोनियम सल्फेट, आम्ल आणि उरलेले अ‍ॅनिलीन असते. धुण्याच्या सोड्याने तो उदासीन करा, 'अ‍ॅनिलीनयुक्त' अशी चिठ्ठी लावून वेगळ्या कॅनमध्ये ठेवा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या. बेसिनमध्ये ओतू नका. जस्ताचे पाणीही नाल्यात सोडू नका. सोड्याने त्यातले जस्त कार्बोनेट म्हणून खाली बसते, ते गाळून पुढच्या इलेक्ट्रोलाइटसाठी आम्लात परत विरघळवता येते. या कॅनमध्ये किती लिटर जमले ते खर्चाच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहा, पावडरीच्या किमतीशेजारीच.